बानूमावशींचा अभिप्राय

दिनांक ७ डिसेंबर १९९७, रविवार. वेळ सकाळी दहा. स्थळ: भोरच्या आमच्या वाचनालयाची खालची खोली. हजर: अध्यक्ष आबासाहेब वकील, चिटणीस देसाई सर, ग्रंथपाल म्हणून मी, आणि खुलासा देण्यासाठी बोलावलेल्या सभासद श्रीमती बानूबी मणेर. गैरहजर: सात पुस्तकं.

शेवटचे तीन शब्द इतिवृत्तात नाहीत, ते मी आत्ता घातले. बाकी नोंद तेव्हाची, माझ्याच अक्षरातली आहे. वार्षिक मोजणीत सात पुस्तकं कमी भरली होती आणि सातही एकाच कार्डावर गेलेली होती. ते कार्ड रद्द करायचं की नाही, एवढाच सभेचा विषय होता.

बानूमावशी वेळेआधीच आल्या होत्या. बांगड्यांची पत्र्याची पेटी त्यांनी खुर्चीवर ठेवली आणि स्वतः शेजारी उभ्या राहिल्या. देसाई सर म्हणाले, "बसा."

"तिला बसू द्या सर. तिच्यात काच हाय," मावशी म्हणाल्या. "आन जरा लवकर उरका. साडेअकराच्या गाडीनं मला नसरापूर गाठायचंय."

मावशींची ओळख करून द्यायला हवी. मणेर म्हणजे बांगडीवाले. बाजारपेठेत त्यांच्या मालकांचं, म्हणजे नवऱ्याचं, छोटं दुकान होतं. मालक गादीवर बसायचे आणि मावशी पेटी घेऊन गावोगाव फिरायच्या. "दुकान ह्यांचं, रस्ता माझा," असं त्या सांगायच्या. आठवड्यातले चार दिवस फिरती. किकवी, नसरापूर हे जवळचं झालं. लांबचं म्हणजे वेल्ह्याच्या वरची गावं, पार पासलीपर्यंत. वय तेव्हा पन्नाशीच्या आतबाहेर, शिक्षण सातवी, चष्मा काळ्या दोऱ्याने गळ्यात अडकवलेला.

त्या पहिल्यांदा वाचनालयात आल्या तेव्हा मी नोकरीत नवीन होते. मी त्यांना सवयीने जुन्या, हमखास आवडणाऱ्या कादंबऱ्यांच्या कपाटाकडे नेलं. त्यांनी कपाटाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"ह्यातल्या बाया माझ्या आजीच्या वयाच्या. त्यांचं झालं गेलं. आत्ताच्या बाया काय करत्यात, ते नवीन काय आलंय का?"

मी टेबलावरचे नवीन गठ्ठे दाखवले. त्यांनी एक पुस्तक घेतलं, सरळ चाळिसावं पान काढलं आणि उभ्यानेच वाचायला लागल्या. पहिल्या पानाला हात लावला नाही. मी कारण विचारलं.

"पहिलं पान सगळेच झाडून-पुसून ठेवत्यात बाई. पावणा येणार म्हणल्यावर ओटा कोण सारवत न्हाई? चाळिसाव्या पानापतुर लिवणारा दमलेला असतो. तवा तो कसा वागतो ते बघायचं."

आमच्याकडे तेव्हा अभिप्राय-वही नावाची एक वही दोरीने टेबलाला बांधलेली असायची. तिच्यात बहुतेक लोक 'पुस्तक चांगले आहे, सर्वांनी वाचावे' एवढंच लिहायचे. पंख्याबद्दलच्या तक्रारीही तिच्यातच असायच्या. मावशींनी लिहायला सुरुवात केल्यावर मात्र माणसं आधी वही वाचायची आणि मग पुस्तक मागायची. एका बक्षीसपात्र, चारशे पानी कादंबरीवर त्यांनी लिहिलं होतं: 'घरात अकरा माणसे. चारशे पानांत चूल एकदाही पेटली नाही. ही माणसे कशावर जगतात ते लेखकाने सांगावे.' त्या कादंबरीवर देसाई सरांनी आमच्याकडे भाषण दिलं होतं. वही वाचून ते आठवडाभर मावशींशी बोलले नाहीत. मग एके दिवशी मला हळूच म्हणाले, "मी परत पाहिली. खरंच पेटत नाही हो."

स्वतःला सुधारायची पुस्तकं त्या वर्षांत फार यायला लागली होती. त्यातलं एक मावशींनी सकाळी नेलं आणि संध्याकाळी आणून टाकलं. "रोज उठून आरशात बघा न् म्हणा, मी जिंकणार. हितं बाई उठायच्या आधी म्हस उठलेली असती. तिला सांगू व्हय, थांब गं, मला जिंकू दे?" पण त्याच महिन्यात आलेलं एका दवाखान्यातल्या परिचारिकेचं आत्मकथन त्यांनी दोनदा वाचलं. वहीत लिहिलं, 'ही बाई आपली बढाई मारत नाही आणि रडतही नाही. हिच्या हाताला काम आहे, म्हणून लिहिणे सरळ आहे.'

धरणामुळे उठलेल्या गावांवरचं एक अभ्यासाचं पुस्तक होतं. आकडे, नकाशे, तळटिपा. मला वाटलं, हे काही त्यांना चालणार नाही. तेही त्यांनी पूर्ण केलं आणि माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. "मेहनत लई केलीय. आकडे बरोबर असतील, मला त्यातलं कळत न्हाई. पण घर सोडताना बाईनं शेवटी काय उचललं, ते त्यानं एकीलाबी इचारलं न्हाई. म्या त्यातल्या कितीक बायांना बांगड्या भरल्यात. सगळ्या सांगत्यात, इचारलं की."

मी याद्यांवर वाढलेली बाई. कोणतं पुस्तक कुठल्या कपाटात, कुणाकडे, किती दिवस, हे मला न पाहता सांगता यायचं आणि त्याचा मला अभिमान होता. पुस्तकाच्या आत काय असतं ते मी मागच्या मजकुरावरून सांगायचे. मावशींच्या शेऱ्यांमुळे मी पुस्तकं वाचायला लागले, हे कबूल केलेलं बरं.

आता त्या सात पुस्तकांकडे येते. नियम असा होता की आपल्या कार्डावरचं पुस्तक दुसऱ्याला द्यायचं नाही. मावशी ती पुस्तकं पेटीत, बांगड्यांच्या पुठ्ठ्यांमध्ये जुन्या ओढणीत गुंडाळून नेत आणि गावोगावच्या बायकांना देत. हे मला मोजणीपर्यंत ठाऊक नव्हतं. पुस्तकं दिल्याचं सभेत त्यांनी लपवलं नाही.

"पुस्तकं हरवली न्हाईत. सातीच्या साती पासलीत हायत."

"मग आणा," आबासाहेब म्हणाले.

"त्या देत न्हाईत."

"का देत नाहीत?"

मावशी पेटीची कडी वरखाली करत राहिल्या. "ते मला इचारू नका."

देसाई सरांनी नियम वाचून दाखवला. तो मीच टाईप केलेला होता. कार्ड रद्द करावं, असा ठराव त्यांनी मांडला. मावशींचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा बदलला.

"सर, बांगड्या भरायला अर्धा तास लागतो. बाईचा हात माझ्या हातात असतो, तिला उठून जाता येत न्हाई. त्या अर्ध्या तासात म्या तिला पुस्तक सांगते. दुसऱ्या कुणाचं घर, दुसऱ्या कुणाची सासू. तिला बरं वाटतं. कारड गेल्यावर तिच्याशी म्या काय बोलू? बांगड्यांचा भाव?"

मी सुचवलं, दुसऱ्या दिवशी सोमवार, वाचनालय बंद. मी स्वतः पासलीला जाते, पुस्तकं पाहते, आणि पुढच्या रविवारी ठराव घ्या. आबासाहेबांनी मान डोलावली. मावशींना माझी ही सूचना आवडली नाही, एवढं मला दिसलं. पण त्या "बरं" म्हणाल्या.

सोमवारी आम्ही नसरापूरला गाडी बदलली, वेल्ह्याला पुन्हा बदलली. माझ्या पर्समध्ये सात पुस्तकांची यादी होती, दाखल क्रमांकासह. मावशी एरवी अखंड बोलायच्या, त्या दिवशी खिडकीबाहेर पाहत होत्या. भात झोडून झालं होतं आणि खाचरांत नुसते बुडखे राहिले होते. पासलीच्या अलीकडच्या वळणावर त्या म्हणाल्या, "बाई, तिथं काय बी ऐकलंत तरी माझ्यावर लगेच चिडू नका."

हौसाबाई नावाच्या बाईंच्या अंगणात आम्ही बसलो. साठीच्या, उंच, आवाजाने गावाला हलवतील अशा. त्यांची सून सुनंदा नववीपर्यंत शिकलेली. पुस्तक मोठ्याने वाचून दाखवायचं काम तिचं. पाहता पाहता दहा-अकरा बायका जमल्या. मी यादी काढली. "ही सात पुस्तकं तुमच्याकडे आहेत का?"

"हायत की," हौसाबाई म्हणाल्या. सुनंदाने आतून पुस्तकं आणली. एका स्वच्छ पोत्यात, प्रत्येकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. आमच्या कपाटात ती इतकी नीट कधीच नव्हती. मी हात पुढे केला, तसं हौसाबाईंनी पोतं आपल्या मांडीखाली घेतलं.

"आधी आमचं बरोबर पुस्तक द्या. मग हे घिऊन जा."

"कुठलं बरोबर पुस्तक?"

त्यांनी सहा पुस्तकं बाजूला केली आणि सातवं माझ्यासमोर धरलं. दाखल क्रमांक ४३१७. त्या वर्षीची गाजलेली कादंबरी. सुलभा नावाच्या बाईची गोष्ट.

"हे तुमी चुकीचं पाठवलंय. मावशीनं आमाला सुलभाची गोष्ट पुरी सांगितलेली हाय. ती नवऱ्याच्या घरातनं निघती, शिवणाची मशीन घेती, पुढं पोरगं मोठं हून तिला न्यायला येतं. आमाला वाटलं आता वाचून घेऊ, म्हणून मावशी नको म्हणत असताना हे पेटीतनं काढून घेतलं. तर ह्या पुस्तकातली सुलभा दोनशे बाराव्या पानाला हिरीत उडी टाकती." त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमी एवढ्या शिकलेल्या. तुमाला आपलं पुस्तक वळखता येईना?"

सुनंदा म्हणाली, "म्या चारदा वाचलं. चारी बारी हिरीतच जाती."

मी ती कादंबरी वाचली होती. सुलभा विहिरीत जाते. शिवणयंत्र त्या पुस्तकात कुठेच नाही. सात पुस्तकं ओलीस ठेवून अकरा बायका चार महिने एका अशा प्रतीची वाट पाहत होत्या, जी छापलेलीच नव्हती. मी मावशींकडे पाहिलं. त्या पेटीचं झाकण धरून बसल्या होत्या. मला एकदम समजलं की इथे कार्ड फार लहान गोष्ट आहे. मी खरं सांगितलं, तर या बाईच्या शब्दावर वरच्या एकाही गावात कुणी विश्वास ठेवणार नाही. तिच्या धंद्यात शब्दच तर पेटीच्या आधी गावात पोचतो.

म्हणून मी, जिने आयुष्यात एक नोंद खोटी केली नाही, घसा साफ करून म्हणाले, "दुसरी प्रत असेल कदाचित. मी जाऊन बघते."

"बाईंना खोटं बोलाय लावू नका," मावशी म्हणाल्या. "त्यांना जमत न्हाई. कान लाल झालं बघा त्यांचं."

मग त्यांनी पेटी बाजूला सरकवली. "हौसाबाई, पुस्तक बरोबर हाय. चुकीचं म्या सांगितलं."

हौसाबाईंनी हातातलं पुस्तक खाली ठेवलं, तशा मावशी पुढे सांगू लागल्या.

"त्या दिवशी मी बांगड्या भरत व्हते. गोष्ट सांगत सांगत शेवटापतुर आले. माझ्या हातात जो हात व्हता, तो मला बरा वाटंना. बांगडी चढवताना बाई हात आखडती, दुखलं तर वढती. ह्या हातानं काहीच केलं न्हाई. नुसता पडून व्हता. आन ती मला इचारत व्हती, सुलभानं मग काय केलं? दोनदा इचारलं. त्या हाताला म्या हीर कशी सांगू? म्या मशीन सांगितली. तोंडात आली, सांगितली. मग ती गोष्ट तुमी सगळ्यांनी ऐकली आन मला माघारी घेता येईना."

"कुणाचा हात?" मागून एक बाई म्हणाली.

"मी बांगड्या भरते. हात कुणाचा ते सांगत न्हाई."

मी त्या वेळी कुणाच्याही तोंडाकडे पाहिलं नाही. यादीच्या घड्या घालत बसले आणि मग ती पर्समध्ये ठेवली. मग हौसाबाई म्हणाल्या, "आन आमी चार महिनं तुमाला अंगणात येऊ दिलं न्हाई. बरोबर पुस्तक आणल्याबिगर येऊ नका म्हणून."

"व्हय. बरोबरच केलंत."

"काय बरोबर केलं." हौसाबाईंनी मांडीखालचं पोतं माझ्याकडे ढकललं. मग दोन्ही बाह्या वर सरकवल्या आणि हात मावशींपुढे धरले. "भरा. हिरव्या. आन ह्या बारीला जे पुस्तकात असंल तेच सांगा. न्हाई आवडलं तर आमचं आमी बघू."

मावशींनी बांगड्या भरल्या. डोळे पुसायला हात रिकामे नव्हते, म्हणून तसंच चाललं होतं. आमच्याकडे बांगड्या भरून झाल्या की बाई भरणारीला वाकून नमस्कार करते, मग भरणारी कोणत्या का घरची असेना. हौसाबाई मावशींहून दहा वर्षांनी मोठ्या. त्या वाकल्या, तेव्हा मावशींनी पाय मागे घेतले. "घेऊ नका मागं," हौसाबाई म्हणाल्या, "रीत हाय."

चहा झाला आणि मग बायकांनी मला कामाला लावलं. त्यांचं म्हणणं, चूक मावशीची नाही आणि वाचनालयाची नाही, तर मग लिहिणाऱ्याची आहे. त्याला कळवलं पाहिजे. मी कागद काढला. हौसाबाई सांगत होत्या, मी लिहीत होते: सुलभेला मारायचं कारण नव्हतं, माहेर होतं, हात धड होते, पुढच्या छपाईत सुधारणा करावी. खाली सुनंदाची सही, दोघी-तिघींच्या सह्या, बाकी अंगठे. कागद मावशींपुढे आला, तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मी एकदा परत वाचते. मग सही करते. न वाचता लिवणाऱ्याला बोल लावला तर माझ्यात न् वहीत पंख्याची तक्रार लिवणाऱ्यात फरक काय?"

पुढच्या रविवारी सभेत मी सातही पुस्तकं टेबलावर ठेवली. वर्तमानपत्राची कव्हरं मुद्दाम काढली नव्हती. पासलीत काय झालं ते सगळं सांगितलं, फक्त हाताचं सोडून. ते सांगायचा हक्क माझा नव्हता. आबासाहेबांनी कव्हरं चाचपून पाहिली आणि नियम टाईप करणाऱ्या बाईंनीच तो बदलून आणावा, असं मला सांगितलं. देसाई सरांनी स्वतःचा ठराव मागे घेतला. नवा नियम असा झाला की फिरतीवर जाणाऱ्या सभासदाला एका वेळी दहा पुस्तकं आणि दोन महिन्यांची मुदत. असा सभासद आमच्याकडे एकच होता. पुढची आठ वर्षं बांगड्यांच्या पेटीबरोबर आमची पुस्तकं वेल्ह्याच्या वरपर्यंत गेली आणि परत आली, आणि मी त्यांची यादी ठेवली. एकही हरवलं नाही.

जानेवारीत मावशी ४३१७ परत घेऊन आल्या. खुर्चीवर बसल्या. पेटी खाली ठेवली, हे मला विशेष वाटलं.

"वाचलं, बाई. आपली चूक झाली पत्रात. त्यानं लिवलंय ते खरं हाय. अशी बाई म्या बघितलीय, एक न्हाई, दोन. तिच्याबद्दल कुणी लिवायला पायजे. पुढच्या छपाईत सुधारा म्हणायचं आपल्याला कारण न्हाई."

"मग पत्र नको?"

"पायजे. पण दुसरं. त्याला एवढंच इचारा, की बाबा, तू हे लिवलंस तवा तुझ्या पुढ्यात कुणाचा हात व्हता? कुणाचाच नसंल तर तुला लिवता आलं. माझ्या पुढ्यात व्हता, म्हणून मला सांगता आलं न्हाई. दोघं बी खोटं न्हाई. हे त्याला नीट शब्दांत लिवा, आन पासलीच्या बायांच्या सह्या नव्याने घ्या. जुन्यावर चालायचं न्हाई. त्यांना बी वाचून दाखवा."

नवीन कादंबऱ्यांवर आणि त्यांच्या लेखकांवर मी पुढे बरंच काही वाचलं, शिबिरांना गेले, भाषणं ऐकली. एवढं नेमकं मला कुणी सांगितलं नाही. पुस्तक कुठल्या कपाटातून काढायचं ते मला येत होतं. ते कुणाच्या हातात ठेवतोय हे आधी पाहायचं, हे बानूमावशींनी शिकवलं. आजही कुणी तरुण मुलगी टेबलाशी येऊन "काहीतरी नवीन द्या" म्हणाली की मी शिक्का मारण्याआधी क्षणभर थांबते. कधी कधी तिने मागितलेलं देते आणि जोडीला दुसरं एक देते. असं कितींदा केलं, त्याचं खातं माझ्याकडे नाही, ठेवणारही नाही.

पत्र मात्र राहिलं. त्या महिन्यात अहवाल होता, मग कपाटं रंगवायची निघाली, मग शब्द जमेनात. दरवर्षी नव्या डायरीत मी पहिल्या पानावर ते उतरवून घेत आले. मावशी अधूनमधून विचारायच्या, "बाई, पत्राचं कुठवर?" मी म्हणायचे, "या महिन्यात नक्की." त्यांनी एकदाही सुनावलं नाही. गेल्या वर्षी मार्चमध्ये दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि त्या गेल्या. चौथ्या दिवशी त्यांच्या मुलाने दहा पुस्तकं मुदतीच्या आत आणून दिली.

आता माझ्याकडची यादी अशी आहे. लेखकाचा पत्ता मिळाला आहे, ते हयात आहेत. जुना कागद सह्या-अंगठ्यांसह खणात आहे. पत्र नव्याने लिहायचं, पासलीला न्यायचं, अंगणात वाचून दाखवायचं, सह्या घ्यायच्या. मावशींच्या सहीची जागा कोरी ठेवायची की तिथे काही लिहायचं, ते हौसाबाईंना विचारायचं. सोमवार सोडून गाडीची वेळ कळली आहे. वाचनालय बंद असतं त्या सोमवारची अजून विचारायची आहे.